शूटरचा करार महाग आहे की नाही, हे कसे ठरवावे

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या चाहत्यांमध्ये सर्वाधिक ताणला जाणारा वाद लेब्रॉन किंवा योकिच अशा ताऱ्यांविषयी नसतो. तो संघातल्या तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाच्या, लांबून थ्री, म्हणजे तीन गुणांचे शॉट, टाकणाऱ्या आणि वर्षाला दीड-दोन कोटी डॉलर घेणाऱ्या खेळाडूविषयी असतो. असा खेळाडू सलग चार सामन्यांत चुकला की त्याला विकून टाकण्याची ओरड सुरू होते, आणि लगेच कुणीतरी एक ट्रेड, म्हणजे संघांमधली खेळाडूंची अदलाबदल, सुचवतो, ज्यात समोरचा संघ आपला चांगला खेळाडू जणू आनंदाने देऊन टाकणार असतो. हा वाद आकड्यांवर आणि नियमांवर आधारून कसा घालावा, हे येथे एका खऱ्या कराराच्या आधारे मांडले आहे. मायामी हीटने डंकन रॉबिन्सनशी ऑगस्ट 2021 मध्ये केलेला 5 वर्षांचा 9 कोटी डॉलरचा करार त्यासाठी निवडला आहे, कारण तो आता संपलेला असून त्याचा चढ, उतार आणि शेवट सगळेच आपल्यासमोर आहे.

रॉबिन्सन 2018 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ क्रमाने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, कुणीच न घेतलेला खेळाडू होता. महाविद्यालयीन कारकिर्दीची सुरुवात त्याने तिसऱ्या श्रेणीत खेळणाऱ्या विल्यम्स कॉलेजमधून केली होती आणि नंतर तो मिशिगन विद्यापीठात गेला. 2019-20 च्या हंगामात त्याने 606 थ्री टाकले आणि त्यांतले 270 बास्केटमध्ये गेले. त्यानंतर मिळालेला करार हा ड्राफ्टमध्ये न निवडल्या गेलेल्या खेळाडूला तोवर मिळालेला सर्वांत मोठा करार होता. 'जास्त पैसे दिले' हा आरोप त्याच दिवसापासून सुरू झाला.

डॉलर बाजूला ठेवा, कॅपमधला वाटा काढा

करारावर बोलताना 9 कोटी हा एकूण आकडा सर्वांत आधी सोडून द्यावा, कारण त्यातून काहीच कळत नाही. एनबीएमध्ये प्रत्येक संघाच्या पगारखर्चाला सॅलरी कॅपची चौकट असते आणि ती लीगच्या उत्पन्नाबरोबर वाढते. म्हणून खेळाडूचा त्या वर्षाचा पगार घ्यावा, त्याला त्या वर्षाच्या कॅपने भागावे आणि टक्केवारी काढावी. 2021-22 मध्ये रॉबिन्सनचा पगार 1.565 कोटी होता आणि कॅप 11.24 कोटी, म्हणजे वाटा जवळजवळ 13.9 टक्के. 2023-24 मध्ये पगार 1.815 कोटींवर गेला, पण कॅप 13.6 कोटींवर पोहोचली होती, त्यामुळे वाटा 13.3 टक्क्यांवर आला. 2024-25 मध्ये पगार 1.94 कोटी आणि कॅप 14.06 कोटी, वाटा पुन्हा 13.8 टक्के.

या आकड्यांतून एक महत्त्वाची गोष्ट दिसते. 'कॅप वाढत जाईल तसा करार स्वस्त होत जाईल' हा युक्तिवाद चाहते सर्रास करतात, पण वरच्या करारात तसे फारसे घडले नाही, कारण करारातच पहिल्या वर्षाच्या पगाराच्या 8 टक्के इतकी वार्षिक वाढ लिहिलेली होती. कॅप एका वर्षी 10 टक्के वाढते, तर दुसऱ्या वर्षी तिची वाढ 3 टक्क्यांवरही थांबते. 2024-25 मध्ये नेमके तेच झाले. म्हणून करार चढता आहे, सपाट आहे की उतरता आहे, हे आधी पाहावे. बडी हील्डचा सॅक्रामेंटो किंग्जबरोबरचा 2019 मधला करार उतरता होता, म्हणजे त्याचा पगार दरवर्षी कमी होत गेला, आणि त्यामुळे तो शेवटच्या वर्षांत इतर संघांना घेण्याजोगा राहिला. दोन शूटरचे एकूण पैसे सारखे असले, तरी ज्याचा करार उतरता आहे, तो ट्रेडच्या दृष्टीने निश्चितच अधिक चांगला.

वर्षे किती उरली आणि हमी कितीची

दुसरा प्रश्न हमीचा. करारात लिहिलेला प्रत्येक डॉलर संघाला द्यावाच लागतो असे नाही. रॉबिन्सनच्या शेवटच्या वर्षाचा, म्हणजे 2025-26 चा पगार 1.99 कोटी होता, पण त्यापैकी फक्त सुमारे 99 लाखांची हमी होती. त्यामुळे 'अजून दोन वर्षांचे जवळजवळ 4 कोटी अंगावर आहेत' असे जो म्हणत होता, तो प्रत्यक्षात 1 कोटीने चुकत होता. असा अर्धवट हमीचा हंगाम ट्रेडमध्ये गैरसोयीचा नसून उपयोगाचा असतो, कारण घेणाऱ्या संघाला खेळाडू नको असेल, तर तो अर्ध्या पैशांत मोकळा होऊ शकतो.

पर्याय कोणाच्या हातात आहे, तेही तपासावे. खेळाडूच्या हातात पर्याय असेल, तर तो चांगला खेळल्यावर निघून जातो आणि वाईट खेळल्यावर थांबतो; दोन्ही वेळा तोटा संघाचाच. रॉबिन्सनने जून 2025 मध्ये करार लवकर संपवण्याचा हक्क वापरला. ट्रेड झाल्यावर खेळाडूला जादा रक्कम देण्याची तरतूदही काही करारांत असते आणि ती 15 टक्क्यांपर्यंत असू शकते. पगार जुळवताना हा आकडा विसरला, तर सगळे गणित कोलमडते.

टक्केवारीवर लगेच विश्वास ठेवू नका

आता मैदानावरचा भाग, जिथे वाद सर्वाधिक भरकटतो. रॉबिन्सनची थ्रीची टक्केवारी 2019-20 मध्ये 44.6, पुढच्या हंगामात 40.8, मोठा करार झाल्यानंतरच्या पहिल्या हंगामात 37.2 आणि 2022-23 मध्ये 32.8 अशी घसरत गेली. चार आकडे एका ओळीत लिहिले की निष्कर्ष उघड वाटतो: पैसे मिळाले आणि खेळाडू ढेपाळला. पण मग 2023-24 मध्ये तोच खेळाडू 39.5 टक्क्यांवर कसा परतला, याचे उत्तर या निष्कर्षाकडे नसते.

ते उत्तर साध्या संभाव्यतेच्या गणितात आहे आणि प्रत्येक चाहत्याने ते एकदा तरी हाताने करून पाहावे. समजा एखाद्या शूटरची खरी क्षमता 40 टक्के आहे आणि तो हंगामात 600 थ्री टाकतो. 0.40 ला 0.60 ने गुणा, 600 ने भागा आणि वर्गमूळ काढा, उत्तर 0.02, म्हणजे 2 टक्के गुण येते. याचा अर्थ असा की क्षमतेत काडीचाही बदल न होता त्याची टक्केवारी केवळ नशिबाने तीनांपैकी दोन हंगामांत 38 ते 42 च्या दरम्यान राहील आणि उरलेल्या हंगामांत त्याच्याही बाहेर जाईल. म्हणजे 37.2 हा आकडा संशयास्पद असला, तरी पुरावा नाही. 200 थ्रीच्या हंगामात हीच हालचाल साडेतीन टक्के गुणांची होते. रॉबिन्सनच्या 32.8 टक्क्यांच्या हंगामात तो 42 सामनेच खेळला होता आणि मध्येच त्याच्या बोटावर शस्त्रक्रिया झाली होती. त्याच वर्षी प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, त्याने 44 टक्क्यांच्या आसपास थ्री मारले आणि आठव्या मानांकनावरून आलेला मायामी अंतिम फेरीत पोहोचला. डेन्व्हरविरुद्धच्या दुसऱ्या सामन्यात मायामी तीन क्वार्टरनंतर 8 गुणांनी मागे होता. रॉबिन्सनने आपले सगळे 10 गुण चौथ्या क्वार्टरमध्ये केले आणि मायामी 111-108 असा जिंकला. अर्थात, हाही छोटाच नमुना आहे. 44 टक्क्यांच्या प्लेऑफवर मोहित होणारा आणि 32.8 टक्क्यांच्या हंगामावर चिडणारा, दोघेही एकच चूक करतात. किमान तीन हंगामांचे थ्री एकत्र मोजावेत, आणि मगच शूटरच्या हाताविषयी बोलावे.

टक्केवारीतल्या फरकाचे गुणांत रूपांतर केले म्हणजे वादाला वजन येते. 44.6 टक्क्यांच्या शूटरचा एक थ्री सरासरी 1.34 गुणांचा असतो, 37.2 टक्क्यांच्या शूटरचा 1.12 गुणांचा. 600 थ्रीमागे हा फरक सुमारे 130 गुणांचा होतो, म्हणजे 82 सामन्यांत दर सामन्याला दीड गुणाहून थोडा अधिक. हा फरक क्षुल्लक नाही, पण एवढ्यावरून कुणी 'निरुपयोगी' ठरत नाही, विशेषतः लीगमधला संघ चेंडूच्या एका ताब्यात सरासरी जेवढे गुण करतो, 1.12 गुण त्याच्या जवळपासच असतात, हे लक्षात घेतल्यास.

चेंडू नसताना तो काय करतो, ते पाहा

शूटरची निम्मी किंमत त्याच्या स्वतःच्या गुणांत दिसतच नाही. ती पाहण्यासाठी मायामीच्या एखाद्या जुन्या सामन्याची चित्रफीत लावावी आणि रॉबिन्सन व त्याचा उंच सहखेळाडू बॅम अडेबायो यांच्यातली देवाणघेवाण सावकाश पाहावी. अडेबायो फ्री थ्रो रेषेच्या टोकाशी चेंडू घेऊन उभा असतो. रॉबिन्सन कोपऱ्यातून पळत वर येतो आणि त्याच्या खांद्याला घासून जाताना चेंडू हातात घेतो, किंवा घेतल्यासारखे करतो. त्याचा बचावपटू अडेबायोच्या अंगावर आदळून अर्धे पाऊल मागे राहतो. तेवढ्या फटीत थ्री सुटू शकतो, म्हणून अडेबायोवर असलेला उंच बचावपटू नाइलाजाने पुढे येतो. त्याच क्षणी अडेबायोपुढे बास्केटपर्यंत रस्ता मोकळा होतो. या हालचालीत रॉबिन्सनच्या नावावर गुण, असिस्ट (गुणासाठी दिलेला पास), काहीही जमा होत नाही. तरीही दोन गुण त्याच्यामुळेच झालेले असतात. दहा-पंधरा ताबे असे थांबवून पाहावेत आणि चेंडू दूर असतानाही त्याचा बचावपटू त्याला चिकटून आहे की आत मदतीला सरकला आहे, एवढेच टिपावे. प्रतिस्पर्धी प्रशिक्षक एखाद्या शूटरला किती मानतात, याचा यापेक्षा खरा पुरावा मिळत नाही.

नाण्याची दुसरी बाजू बचावाची. प्लेऑफमध्ये प्रतिस्पर्धी संघ संथ शूटरला शोधून काढतात, बचावपटूची वाट अडवून (याला पिक म्हणतात) त्याला आपल्या सर्वोत्तम खेळाडूसमोर उभे करतात आणि प्रत्येक ताब्यात तेच करतात. एप्रिल 2022 मध्ये अटलांटाविरुद्धच्या पहिल्या सामन्यात राखीव खेळाडूंतून येऊन रॉबिन्सनने 9 पैकी 8 थ्री मारत 27 गुण केले, आणि त्याच प्लेऑफमध्ये पुढे काही सामन्यांत त्याला मैदानावर उतरवलेच गेले नाही. 13-14 टक्के कॅप खाणारा खेळाडू मे महिन्यात बाकावर बसत असेल, तर त्या करारावर टीका करण्याचा हा सर्वांत भक्कम आधार आहे. टक्केवारीवरची टीका त्यामानाने कच्ची आहे.

त्याच्या जागी कोण, आणि कितीला

रॉबिन्सनचा करार महाग ठरवण्यात सर्वांत मोठा वाटा खुद्द रॉबिन्सनचा नसून मायामीच्याच मॅक्स स्ट्रूसचा होता. तोही ड्राफ्टमध्ये न निवडला गेलेला आणि शूटरच, पण किमान पगाराच्या आसपास खेळणारा. मार्च 2022 मध्ये त्याने सुरुवातीच्या पाचांतली रॉबिन्सनची जागा घेतली. जवळजवळ तेच काम दशांश किमतीत होत असताना 1.565 कोटी खुपणारच. मात्र ही तुलना करणाऱ्याने स्ट्रूसची पुढची कथाही सांगितली पाहिजे: जुलै 2023 मध्ये क्लीव्हलँडने त्याला 4 वर्षांचे सुमारे 6.3 कोटी दिले, म्हणजे वर्षाला त्या वेळच्या कॅपच्या साडेअकरा टक्क्यांहून थोडे अधिक. स्वस्त पर्याय स्वस्त राहतो तो त्याचा पहिला करार संपेपर्यंतच. शूटरची बाजारातली खरी किंमत शोधायची असेल, तर त्याच उन्हाळ्यात करार झालेले त्याच प्रकारचे तीन-चार खेळाडू घ्यावेत, त्यांचे कॅपमधले वाटे काढावेत आणि आपला खेळाडू त्यांच्या किती वर आहे ते पाहावे. रॉबिन्सन या कसोटीवर दोन-तीन टक्के वर निघतो. म्हणजे करार महाग होता, पण ज्या आवेशाने त्यावर तुटून पडले जायचे, तेवढा नव्हता, असे माझे मत आहे. जुलै 2025 मध्ये डेट्रॉइटने त्याला 3 वर्षांचे 4.8 कोटी देऊ केले, तेव्हा सरासरी वाटा 10 टक्क्यांच्या जरा वर आला. वयाच्या 31 व्या वर्षी बाजाराने लावलेली ही किंमत आहे.

वाईट करारही विकला जातो, पण सोबत काहीतरी देऊन

'याला कुणी फुकटही घेणार नाही' हे वाक्य एनबीएमध्ये क्वचितच खरे ठरते. शूटर डेव्हिस बर्टान्सचे उदाहरण यासाठी पाठ असावे. 2019-20 मध्ये 42.4 टक्के थ्री मारल्यावर वॉशिंग्टनने त्याला 5 वर्षांचे 8 कोटी दिले. दीड हंगामात त्याची टक्केवारी 32 च्या खाली गेली आणि फेब्रुवारी 2022 मध्ये डॅलसने क्रिस्टॅप्स पोरझिंगिसला देऊन स्पेन्सर डिन्विडीसह त्याला घेतले. तिथे एका वाईट कराराच्या बदल्यात दुसरा जड करार गेला. जून 2023 मध्ये डॅलसने ड्राफ्टमधला दहावा क्रमांक आणि बर्टान्स ओक्लाहोमा सिटीला दिले आणि बारावा क्रमांक घेतला. म्हणजे करार अंगावरून उतरवण्याची किंमत ड्राफ्टमधल्या दोन पायऱ्या इतकीच पडली. त्या बाराव्या क्रमांकावर डॅलसला डेरेक लाइव्हली मिळाला, आणि एका वर्षात संघ अंतिम फेरीत खेळला. ब्रुकलिनचा जो हॅरिस 2018-19 आणि 2020-21 मध्ये थ्रीच्या टक्केवारीत लीगमध्ये पहिला होता, पण घोट्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्याचा 4 वर्षांचा 7.5 कोटींचा करार ओझे झाला. 2023 मध्ये ब्रुकलिनने ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीतले निवडीचे दोन हक्क सोबत देऊन त्याला डेट्रॉइटकडे पाठवले. वाद घालताना 'विकता येईल का' असे विचारू नये. 'सोबत काय द्यावे लागेल' असे विचारावे, आणि वरच्या दोन सौद्यांना मोजपट्टी मानावी.

अफवा आली, तर आधी बेरीज करा

ट्रेडच्या बातमीवर मत देण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे पगार कागदावर लिहावेत. एप्रन म्हणजे कॅपच्याही वरच्या दोन खर्चमर्यादा. 2024-25 पासूनच्या नियमांनुसार पहिल्या एप्रनच्या वर असलेल्या संघाला जेवढा पगार पाठवला, त्याहून जास्त परत घेता येत नाही. त्याखालच्या संघांना थोडी सूट मिळते. मधल्या पगारगटात ती पाठवलेल्या पगारावर 2023-24 मध्ये 75 लाख डॉलर इतकी होती आणि कॅपसोबत वाढते. दुसऱ्या एप्रनच्या वर असलेल्या संघाला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू घेता येत नाही आणि सौद्यात रोख रक्कमही देता येत नाही. 2025-26 मध्ये या दोन रेषा सुमारे 19.6 कोटी आणि 20.8 कोटी डॉलरवर होत्या. आपला संघ कोणत्या रेषेच्या वर आहे, हे पाहिल्याबरोबर निम्म्या अफवा तिथेच मरतात.

उरलेल्या निम्म्यांसाठी 2023 चा उन्हाळा आठवावा. 1 जुलैला पोर्टलँडचा तारा डेमियन लिलार्डने संघाकडे ट्रेडची मागणी केली आणि त्याला मायामीच हवे असल्याचे सगळीकडे छापून आले. लिलार्डचा पगार 4.56 कोटी, तर मायामीच्या टायलर हिरोचे 2.7 कोटी आणि रॉबिन्सनचे 1.815 कोटी मिळून 4.515 कोटी. जुळणी इतकी सुबक होती की अनेक चाहत्यांनी सौदा झाल्यातच जमा धरला. प्रत्यक्षात 27 सप्टेंबरला लिलार्ड मिलवॉकीला गेला, कारण पोर्टलँडला तिथून जे मिळाले, ते अधिक पसंत होते. पगार जुळणे ही अट पहिली असते, शेवटची नाही. समोरच्या संघाला तुमचा शूटर का हवा, याचे एका वाक्यात उत्तर देता आले पाहिजे.

बातमी कोणाच्या सोयीची आहे, तेही विचारावे. लिलार्डच्या बाबतीत त्याच्या एजंटने इतर संघांना परावृत्त केल्याचे प्रकरण इतके वाढले की लीगला सर्व संघांना लेखी ताकीद द्यावी लागली. एजंटला भाव वाढवायचा असतो, विकणाऱ्या संघाला अनेक गिऱ्हाइके असल्याचे भासवायचे असते. 'रस आहे' आणि 'चौकशी केली' या शब्दांना जवळजवळ काहीच किंमत देऊ नये. 'चर्चा अंतिम टप्प्यात' यालाही थोडीच. जुलै 2021 मध्ये बडी हील्ड लेकर्सकडे जाणार, हे ठरल्यासारखे सांगितले जात होते आणि त्याच दिवशी लेकर्सने रसेल वेस्टब्रुकला घेतले. उलट फेब्रुवारी 2025 मध्ये डॅलसचा तारा लुका डॉन्चिच लेकर्सला गेला, तेव्हा आधी कुजबुजसुद्धा नव्हती. भारतात रविवारची सकाळ होती आणि बातमी देणारा पत्रकार शॅम्स शरानिया याचे खाते हॅक झाले असावे, असे अनेकांना वाटले.

तारखांकडेही लक्ष असावे. उन्हाळ्यात नवा करार केलेल्या बहुतेक खेळाडूंना 15 डिसेंबरपूर्वी ट्रेड करता येत नाही, त्यामुळे नोव्हेंबरमध्ये त्यांची नावे घेणारी बातमी वाचण्यातही वेळ घालवू नये. ट्रेडची अंतिम मुदत फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका गुरुवारी, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या दुपारी 3 वाजता संपते. भारतात तेव्हा मध्यरात्र उलटून शुक्रवारचा दीड वाजलेला असतो. मुदत संपल्यानंतरही वैद्यकीय तपासणी बाकी असते. 2025 मध्ये लेकर्सने मार्क विल्यम्ससाठी आपला नवोदित शूटर डाल्टन कनेक्ट शार्लटला दिला होता, सौदा जाहीरही झाला होता, पण विल्यम्सच्या तपासणीनंतर लेकर्सने तो रद्द केला आणि कनेक्ट पुन्हा लेकर्सच्या गणवेशात उतरला. म्हणून मुदतीच्या रात्री एखादा सौदा जाहीर झाला, तरी तपासणी पूर्ण झाल्याचे वृत्त येईपर्यंत आपल्या संघाची नवी पगारबेरीज पेन्सिलनेच लिहावी.